आटलेल्या तळ्यातला गाळ उपसू नका

परसातलं तळं आटलंच आहे तर सगळा गाळ काढून टाका, असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय. कृपा करून तसं करू नका. त्या भेगाळलेल्या चिखलातच कमळाचे कंद, बेडूक आणि डॅफ्निया या पाण्यातल्या इवल्याशा जीवांची सुप्त अंडी तग धरून असतात. आमच्या माणदेशी तळ्यात मे महिन्यात ढेकूळ उकरलं, तर तोंडावरची झाकणी घट्ट मिटलेल्या गोगलगायी सापडतात. मेलेल्या समजून फेकू नका, पाणी आलं की चालू लागतात. फारच साचला असेल तर एकाच कडेचा गाळ काढा.

पहिल्या पावसानंतर पाणी हिरवंगार होईल, ते बदलू नका. डॅफ्निया वाढले की तेच शेवाळ खातात. गप्पी मासे मात्र लगेच सोडू नका, ते डॅफ्नियाच फस्त करतात.