नागीण बरी झाली, पण बाबांच्या अंगाला सदरा टेकवत नाही – मदत हवी आहे

बाबा सत्तरीच्या पुढचे. पाठीपासून बरगडीपर्यंत एका बाजूला नागीण उठली होती. खपल्या पडून महिने झाले, कातडी दिसायला स्वच्छ आहे. पण तिथे सदऱ्याची कड घासली तरी कळवळतात. पंख्याचा वारा, गार पाणी, काहीच सोसत नाही. गंमत म्हणजे तीच जागा तळहाताने घट्ट दाबून धरली की बरं वाटतं म्हणतात! त्यामुळे घरात ‘उगाच करतायत’ अशी कुजबुज सुरू झालीये आणि ती त्यांना ऐकू जाते. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ढिम्म फरक नाही. कोणाला दाखवू? आणि तोवर कपड्यांचं काय?

प्रतिसाद १
उगाच नाही हो. कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळच्या नसांच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं दडून असतो. नागिणीत तो जागा होतो आणि नसेलाच इजा करतो. मग साध्या स्पर्शाचा निरोपही वेदना म्हणून पोचतो. हलकं घासलेलं झोंबतं, घट्ट दाब चालतो, हे बऱ्याच जणांत दिसतं. घरच्यांना एवढं वाचून दाखवा. पुरळ गेल्यावर दुखणं 3 महिन्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टर त्याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. न्यूरॉलॉजिस्ट किंवा पेन क्लिनिक (जुनाट वेदनांवर उपचार करणारा दवाखाना) गाठा. यावर प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. जागा बधिर करणारी लिडोकेनची पट्टीही असते. पहिल्या दोन्हींचा डोस किडनी बघून ठरतो आणि झापड येते, म्हणून रात्री उठताना त्यांना सांभाळा. दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरून घेऊ नका.

प्रतिसाद २
कपड्यांबद्दल: सैल घालावं असं वाटतं, पण सैल कापड हलतं आणि घासतं. अंगासरशी मऊ सुती बनियन उलटी घाला, शिवण बाहेर राहते. तेही टोचलं तर अन्न झाकायची पातळ प्लास्टिकची फिल्म त्या भागावर सैलसर लावून वर बनियन. विचित्र वाटेल, पण कापड त्यावरून सरकतं. बर्फाने शेका असं कुणी सांगेल, तुमच्या बाबांना गारच सोसत नाही तर नको.

धागाकर्ती
आभार! बनियन आजच उलटी केली, कुरकुरत का होईना घातली. बाबांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे, त्याने काही फरक पडेल का?

प्रतिसाद १
पडेल. अमिट्रिप्टिलिनने लघवी अडकू शकते. हृदयाचं काही असेल तर तेही बोला. चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या.