आईच्या पित्ताशयात खडे : शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. माझ्या आईचे वय ५४ वर्षे आहे. पोळ्याला पुरणपोळीचे जेवण झाल्यावर रात्री तिच्या उजव्या बरगडीखाली असह्य कळ उठली, ती पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत गेली आणि काही तासांनी आपोआप थांबली. तेव्हापासून तेलकट खाणे झाले की असा त्रास अधूनमधून होतो. सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक खडे दिसले असून त्यांतला सर्वांत मोठा १४ मिलिमीटरचा आहे. सर्जनांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला आहे.

आई तयार नाही. शरीरातला अवयवच काढल्यावर अन्न कसे पचेल आणि पुन्हा वावरात काम करता येईल की नाही, ही तिची भीती आहे. नात्यातल्या एकांनी ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस एकत्र प्यायल्याने खडे पडतात असे सांगितले आहे, तर शेजारच्या काकूंनी कुळथाचा काढा सुचवला आहे. शरीर तिचे आहे, म्हणून मला तिच्यावर निर्णय लादायचा नाही. तिने होकार दिला तर कोणती तयारी करावी आणि नकार दिला तर तिला सुरक्षित कसे ठेवावे, हे दोन्ही मला समजून घ्यायचे आहे. कापसाची वेचणी तोंडावर आहे, त्यामुळे तिला आताच अंथरुणावर पडायचे नाही, हेही एक कारण आहे.

उत्तर (दारव्हा, जि. यवतमाळ)

दादा, माझे हेच ऑपरेशन दुर्बिणीने झाले आहे. पोटावर लहान छिद्रे पाडतात. त्याच दिवशी संध्याकाळी मला उठवून चालवले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडले. छिद्रांपेक्षा खांदा जास्त दुखला. पोट फुगवण्यासाठी आत जो वायू सोडतात त्यामुळे असे होते आणि ते दोन-तीन दिवसांत थांबते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले असल्यामुळे मी घाबरले नाही. आईंनाही हे आधीच सांगून ठेवा.

सुरुवातीला मऊ भात, तुरीचे पातळ वरण आणि भाकर खाल्ली. तर्रीची भाजी लवकर खाल्ली की शौचाला पातळ व्हायचे, ते हळूहळू कमी झाले. आता मी घरातल्या सर्वांसारखेच जेवते. पाण्याच्या गुंडी, सरपणाची मोळी आणि वेचलेल्या कापसाचे गाठोडे मात्र काही आठवडे उचलू दिले नाही. माझ्या सासूबाई आणि जाऊबाईंनी ती कामे मी न सांगता वाटून घेतली. आईंना खरी मदत हीच होईल, कारण आपल्याकडची बाई घरात काम पडलेले दिसले की टाके ओले असतानाही उठते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. आईंचे ऑपरेशन योजनेत बसते का, हे भरती होण्यापूर्वीच शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून त्यांना विचारावे.

उत्तर (ग्रामीण भागात काम करणारा एक सर्जन)

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट १४ मिलिमीटर हा आकडा नसून जेवणानंतर उठणारी कळ ही आहे. सोनोग्राफीत योगायोगाने खडे आढळले आणि काहीही त्रास नसेल, तर बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. अशा लोकांपैकी दर वर्षी शंभरात साधारण एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. एकदा कळा सुरू झाल्या की त्या पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, आणि खडा पित्तनलिकेत उतरला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. म्हणून आपल्या आईंना दिलेला सल्ला मला योग्य वाटतो.

कुळथाचा काढा मूत्रखड्यासाठी घेतला जातो. मूत्रखडा लघवीच्या मार्गाने बाहेर पडावा अशीच आपली इच्छा असते. पित्ताशयातला खडा जागचा हलणे हाच धोका आहे, कारण पुढची नळी अरुंद असून तीच यकृतातून आतड्याकडे येणाऱ्या पित्ताच्या वाटेला मिळते. ऑलिव्ह तेलाने तर पित्ताशय जोराने आकुंचन पावते, म्हणजे ज्या जेवणाने आईंना कळ आली तोच प्रकार मुद्दाम घडवल्यासारखे होते. त्यानंतर शौचातून पडणारे हिरवट गोळे पाहून लोकांचा विश्वास बसतो. परंतु अशा गोळ्यांची तपासणी २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली असून ते तेल आणि लिंबाच्या रसापासून पोटातच तयार झालेले साबणासारखे पदार्थ होते, असे तीत आढळले. खडे विरघळवणारे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे औषध उपलब्ध आहे, पण ते लहान आणि कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच चालते, अनेक महिने घ्यावे लागते आणि ते थांबवल्यावर पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांत खडे पुन्हा होतात. आईंच्या खड्याच्या आकाराला त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

पचनाविषयीची त्यांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर त्यांना थेट मिळाले पाहिजे. पित्त यकृतात तयार होते, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय त्यातले जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर साठवते. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरत राहते. शस्त्रक्रियेतही धोका आहे, तो मी लपवणार नाही. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण हजारात साधारण तीन ते पाच असते, आणि सूज फार असेल तर दुर्बिणीऐवजी पोट उघडावे लागते. सूज नसताना ठरवून केलेली शस्त्रक्रिया घाईने करावी लागणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा सुरक्षित असते, एवढ्यासाठीच वेचणी संपेपर्यंत थांबण्याआधी आपल्या सर्जनांना अवश्य विचारावे.

आईंनी नकार दिला तरी त्यांच्याशी वाद घालू नये. कमी तेलाचा आहार ठेवावा, पण कडक उपवास करू नयेत आणि वजन झपाट्याने उतरवू नये, कारण त्याने खडे वाढतात. घटक लिहिलेले नसलेली कोणतीही पुडी घेऊ नये. कळ पाच-सहा तासांहून जास्त टिकली, थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात, डोळे पिवळे झाले, लघवी गडद किंवा शौच पांढुरकी झाली, तर रात्र असली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सकाळची वाट पाहू नये.

उत्तर (कुरखेडा, जि. गडचिरोली)

डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्यात एक भर घालतो. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांच्यात पित्ताशयाचे खडे तरुणपणीच होतात. ते रक्तपेशी फुटून तयार होणाऱ्या रंगद्रव्याचे असतात, म्हणून विरघळवण्याचे औषध त्यांच्यावर चालत नाही. माझ्या भावाला हे खडे झाले तेव्हा त्याच्या सिकलसेलची माहिती भूलतज्ज्ञांना आधी दिल्यामुळे रक्ताची आणि ऑक्सिजनची तयारी अगोदरच झाली. आपल्या घराण्यात कोणाला सिकलसेल असेल, तर आईंची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी करून घ्यावी.

उत्तर (मेहकर, जि. बुलढाणा)

माझ्या पित्ताशयात खडे आहेत आणि मी शस्त्रक्रिया केलेली नाही. मला कधीही कळ आली नाही, म्हणून डॉक्टरांच्याच सल्ल्याने मी थांबलो आहे. घरच्यांनी माझा निर्णय मान्य केला, आणि त्याच वेळी धोक्याची लक्षणे सर्वांनी समजून घेतली. सोनोग्राफीचा कागद कपाटात कुठे आहे, हे माझ्या सुनेलाही ठाऊक आहे. माझ्या उदाहरणावरून आपल्या आईंनी मात्र थांबू नये, कारण त्यांना त्रास सुरू झालेला आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. हे सारे मी आईला वाचून दाखवले. पित्त यकृतात बनते हे ऐकून तिने ते पुन्हा वाचायला सांगितले. नंतर ती बोलली की तिला मुख्य भीती भुलेची आहे, आणि हे तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते. तिने अजून होकार दिलेला नाही. मात्र भूलतज्ज्ञांना भेटून स्वतः प्रश्न विचारायला ती तयार आहे, त्यासाठी पुढच्या आठवड्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जाणार आहोत. तेल-लिंबाचा प्रयोग करायचा नाही, हे तिने स्वतःच ठरवले. वेचणीसाठी मामांकडच्या बाया येतील, असे मामींनी काल सांगितले आहे.