घरात गिनीपिग, लेकराला ॲलर्जी : तुमच्याकडे काय केलं?

संभाजीनगर, धागा काढणारी आई

आमच्या लेकीला गिनीपिगची ॲलर्जी आहे, हे त्वचेच्या चाचणीत पक्कं झालंय. घरात दोन गिनीपिग आहेत, भोपळू आणि चिंगी. कागद हातात आल्यापासून घरात एकच विषय चालू आहे, ठेवायचे की द्यायचे.

इंटरनेटवर शोधलं की जे सल्ले मिळतात ते सगळे थंड देशातल्या घरांचे असतात. पिंजरा बाहेरच्या शेडमध्ये हलवा, खिडक्या उघड्या ठेवा, असं काहीतरी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. गिनीपिगला घाम येत नाही, तिशीच्या पुढचं तापमानच त्याच्या जिवावर बेततं. गॅलरीत ठेवलं तर ते उष्माघातानं जाणार. आणि कूलर लावलेली खोली घरात एकच, तिथंच लेकरू झोपणार. मराठवाड्यातल्या घराचा खरा पेच हा आहे, म्हणून मुद्दाम आपल्याच भागातल्या लोकांना विचारते.

डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली, ती इथं लिहून ठेवते. ॲलर्जी केसांची नसते. लाळ, लघवी आणि कातडीचा कोंडा यांत जी प्रथिनं असतात त्यांची असते. गिनीपिग अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, तिचे बारीक कण हवेत जातात, गादीत बसतात. म्हणून केस भादरून किंवा बिनकेसांचा गिनीपिग आणून काही साधत नाही.

तुमच्या घरी काय झालं ते सविस्तर लिहा. "देऊन टाका" एवढंच नको, दिल्यानंतर काय झालं तेही हवं. लेकराचा श्वास आधी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पाळलेला जीवही आपल्याच भरवशावर घरात आलेला असतो.

लातूर, सात वर्षांच्या मुलाची आई

आम्ही ठेवले आहेत. आमच्याकडे कसं जमलं ते लिहिते, पण आधी एक सांगते. आमच्या मुलाचा त्रास नाक, डोळे आणि कातडीपुरता होता. गिनीपिग हातात घेतला की थोड्याच वेळात मनगटावर गांधी उठायच्या, डोळे लाल व्हायचे, नाक चोंदायचं. छातीत घरघर कधीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, छाती मोकळी आहे तोवर प्रयत्न करून बघा, छातीत उतरलं तर मग विचार करायचा नाही.

पहिला नियम, मुलाच्या झोपायच्या खोलीत गिनीपिगनं पाऊल टाकायचं नाही. त्या खोलीचं दार दिवसाही बंद. पिंजरा मागच्या खोलीत शहाबादी फरशीवर आहे, फरशी गार राहते म्हणून त्यांनाही बरं. पिंजरा साफ करायचं काम मुलाच्या बाबांचं, तेही तोंडाला मास्क लावून आणि मुलगा शाळेत असताना. त्या खोलीत झाडू नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. झाडूनं सगळं हवेत उडतं आणि कितीतरी वेळ खाली बसत नाही.

मुलानं खेळायचं ते जुन्या चादरीवर बसून. तोंडाजवळ न्यायचं नाही, पापी घ्यायची नाही. झालं की कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे आणि शर्ट बदलायचा. आता त्याला सांगावं लागत नाही.

पाण्याचं मात्र लिहायलाच पाहिजे. पिंजऱ्यात अंथरायला मऊ कापड वापरा, गरम पाण्यात धुवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं शहर आहे आमचं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी कापडं धुण्यात घालणं मनाला पटत नाही. म्हणून पावसाळा-हिवाळ्यात कापड आणि उन्हाळ्यात जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, असं ठरवलं. पट्ट्या रोज बदलून टाकायच्या. लाकडाचा भुसा आधी वापरायचो, त्याच्या धुळीनं मुलाबरोबर मलाही खोकला यायचा, तो बंद केला.

कूलर गिनीपिगच्या खोलीला वेगळा घेतला, लहानसाच. वीज गेली तर बाटलीत बर्फ करून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवतो. दोघं तिला टेकून पडून राहतात. हे सगळं परवडतं का, हे ज्यानं त्यानं बघावं. वेळही जातो आणि पैसाही.

नांदेड, आजोबा

आम्ही दिले. नातवाला बाळदमा आधीपासूनच होता आणि गिनीपिग आल्यावर वाढला. मध्यरात्री लेकरू उठून बसायचं, छातीत शिट्टी वाजायची. वाफ द्यायला किती वेळा पळालो त्याचा हिशेब नाही. अशा घरात जनावर ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. लातूरच्या ताईंनी जे केलं ते त्यांच्या लेकराला चाललं, आमच्या लेकराला चाललं नसतं.

द्यायचे तर कोणाला, हा मोठा प्रश्न. बाजारात परत नेऊन विकायला सून तयार नव्हती, मलाही नको वाटलं. ओळखीतलं एक शिक्षक जोडपं आहे, घरात कोणाला दमा नाही, त्यांना विचारलं. दोन्ही गिनीपिग एकत्रच दिले, कारण हे प्राणी कळपातले, एकटा पडला की खंगतो. पिंजरा, गवत, पाण्याची बाटली, सगळं सोबत दिलं. नातू आठवडाभर नीट जेवला नाही. त्या घरच्या बाईंनी आपण होऊन व्हिडिओवर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा जरा निवळला.

दिल्यावर काय झालं ते विचारलं आहे म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी दमा गेला असं होत नाही. गादी, सोफा, पडदे यांत ते कण आठवडेच्या आठवडे राहतात. गिनीपिग गेले तरी खोकला होताच, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली की उगीच दिले. मग गादीची खोळ बदलली, पडदे धुतले, सोफ्याची जुनी कव्हरं टाकून दिली, भिंती पुसून घेतल्या. त्यानंतर हळूहळू फरक पडला.

आणखी एक. आमच्याकडे हैदराबाद जवळ. दम्याचं लेकरू म्हटलं की मृगाला हैदराबादला नेऊन औषधाचा मासा गिळवा, असं चार माणसं तरी सांगतात. सांगणाऱ्यांच्या मनात माया असते, ते मी मानतो. पण कोणी कुठंही नेवो, दम्याचा पंप (तोंडानं ओढायचं औषध, इनहेलर) मध्येच बंद करू नका. "पंपाची सवय लागते" हे ऐकून पंप सोडलेलं लेकरू मी नात्यात पाहिलं आहे, त्याला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं.

परभणी, शेतकरी बाप

आमचं वेगळंच निघालं. पोरगी सकाळी उठल्यापासून शिंकायलीय, नाक गळायलंय, सगळे म्हणाले गिनीपिगचंच आहे. बायको तर पिंजरा उचलून निघालीच होती. मी म्हणलं आधी तपासू. चाचणीत गिनीपिगला काहीच आलं नाही. आला तो धुळीतला माइट, म्हणजे गादीत राहणारा, डोळ्याला न दिसणारा किडा, आणि बुरशी.

मग घरात बघितलं तर पिंजऱ्याशेजारीच वाळल्या गवताचं पोतं. पावसाळ्यात ते दमट झालेलं, आतून काळं पडलेलं. पोरगी रोज हातानं त्यातलं गवत काढून घालायची. गवताची धूळ आणि बुरशी दोन्ही तिच्या नाकात जायची. पोतं गोठ्याकडं हलवलं. आता गवत बाहेरच झटकून, ऊन दाखवून, लागेल तेवढंच आत आणतो. गादीउशीला आरपार काही जाणार नाही अशा खोळी घातल्या, अंथरुणं कडक पाण्यात धुतो. कूलरच्या जाळीतलं जुनं गवतही बदललं, वास येत होता त्याला.

चारा आपल्याकडं मुबलक आहे म्हणून काहीही घालू नका. इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनी सांगितलं की लसूणघास रोज पोटभर द्यायचा नाही, त्यात कॅल्शियम जास्त, मोठ्या गिनीपिगला मुतखडा होतो. पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो. कोवळ्या ज्वारीनं जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्याला माहीतच आहे, ती यांनाही नको. गवत कापताना गाजरगवत येऊ देऊ नका, ते जनावराला वाईट आणि माणसाच्या नाकाकातडीला त्याहून वाईट. माणसासारखंच या प्राण्याच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड देत जा. अंगानं निरोगी असला की कातडी सुटत नाही, कोंडा कमी पडतो, हे मी डोळ्यानं बघतोय.

बीड, मावशी

भाचीच्या दंडावर गोल चट्टा उठला, कडेला लाल, सारखी खाज. सगळ्यांनी ॲलर्जीच धरली. मेडिकलमधून विचारून एक ट्यूब आणली, तिनं आधी बरं वाटलं आणि मग चट्टे मानेपर्यंत गेले. कातडीच्या डॉक्टरांनी खरवडून तपासलं, नायटा निघाला. ट्यूबमध्ये स्टेरॉईड होतं, त्यानं बुरशी दबल्यासारखी दिसते आणि आतून पसरते. गिनीपिगच्या नाकावर आणि कानामागे केस गेले होते, तिथंही तेच. दोघांवर एकदमच उपचार झाले, आता दोघं बरे आहेत. गोल चट्टा दिसला तर ॲलर्जी म्हणून सोडू नका.

धाराशिव, कॉलेजात शिकणारी

मी इथं पालकांसाठी लिहिते, कारण माझ्या लहानपणी घरात गिनीपिग होता आणि ॲलर्जी मलाच होती. मी ती लपवायचे. शिंक आली की बाथरूममध्ये जायचे, छाती भरून आली तरी "काही नाही" म्हणायचे. मला वाटायचं, सांगितलं की त्याला देऊन टाकतील. आईला कळलं ते मी जिना चढताना मध्येच बसले तेव्हा.

तुमचं लेकरू पण असंच करत असेल. "तुला त्रास झाला तर मी त्याला काढून टाकीन" हे वाक्य रागातसुद्धा बोलू नका. त्यापेक्षा रात्री खोकतं का, पळताना मागं पडतं का, उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी गेल्यावर बरं वाटतं का, हे तुम्हीच बघा. आईनं नंतर मला वहीत रोजचा त्रास लिहायला सांगितलं आणि शब्द दिला की वही वाचून लगेच काही ठरवणार नाही, आधी तुझ्याशी बोलेन. तेव्हापासून मी खरं लिहायला लागले. शेवटी गिनीपिग माझ्या काकांकडे गेला, पण ते आम्ही मिळून ठरवलं होतं. त्यामुळे मला आईचा राग आला नाही.

संभाजीनगर, धागा काढणारी आई

धाराशिवच्या ताई, तुमचं वाचून मी लेकीला जवळ घेऊन विचारलं. तीही रात्रीचा खोकला उशीत तोंड खुपसून दाबते, हे आज कळलं. उद्या डॉक्टरांकडे पुन्हा जातोय. लातूरकरांसारखं वेगळ्या खोलीचं बघायचं की नांदेडच्या काकांसारखं घर शोधायचं, ते छाती तपासल्यावर ठरेल. घर शोधायचं झालं तर दोघांसाठी एकच शोधेन.

अंबाजोगाई, परिचारिका

रात्रीचा खोकला वाचला म्हणून लगेच लिहिते. पंप थेट तोंडात देऊ नका, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून द्या. लहान मुलाला मास्कवाला स्पेसर मिळतो. थेट दिलेलं औषध बरंचसं घशातच बसतं. स्टेरॉईडचा पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी होते. रोज घ्यायचा पंप वेगळा आणि दम लागल्यावर घ्यायचा वेगळा असतो, डबीवर मार्करनं मराठीत लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या आजीलाही कळतं. दम्या-ॲलर्जीसाठी मॉन्टेलुकास्टची गोळी चालू असेल आणि लेकरू चिडचिडं झालं, झोपेत दचकायला लागलं, तर डॉक्टरांना सांगा, त्या गोळीनं काही मुलांत असं होतं.

बोलताना वाक्य तुटायला लागलं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली, ओठ निळसर दिसले, तर वाट बघायची नाही. १०८ लावा किंवा जे वाहन असेल त्यानं निघा.

आणि घरात लेकरासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक गिनीपिगला चुकूनही पाजू नका. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो दगावतो.

हिंगोली, बाप

आमच्या मुलाची चाचणी करायला पुढच्या आठवड्यात नांदेडला जायचंय. रोज सेट्रिझिन, ती ॲलर्जीची गोळी, चालू आहे. ती घेऊन गेलं तर चालतं का?

अंबाजोगाई, परिचारिका

त्वचेची चाचणी असेल तर नाही. सेट्रिझिन अंगात असताना चाचणीत गांध उठतच नाही आणि ॲलर्जी असूनही नाही असं दिसतं. साधारण आठवडाभर आधी ती बंद करायला सांगतात, पण कधीपासून ते त्याच डॉक्टरांना आज फोन करून विचारा. सर्दीच्या पातळ औषधांतही अशीच औषधं असतात, त्या बाटल्या सोबत न्या. दम्याचा पंप मात्र स्वतःहून बंद करू नका. गोळी थांबवणं शक्यच नसेल तर रक्तातून होणारी तपासणी असते, तिला गोळीनं फरक पडत नाही. आणि तिथं घरात काय काय आहे ते सगळं सांगा, गिनीपिग, गवत, भुसा, कूलर, म्हणजे चाचणीत काय काय घ्यायचं ते त्यांना ठरवता येईल.