गावठी अंड्यातला गर्भ कवच न फोडता कसा बघायचा?

खानापूर: इनक्युबेटरमध्ये 48 गावठी अंडी आहेत, आज 5 वा दिवस. कवच बदामी. मोबाईलचा टॉर्च लावला तर नुसता तांबूस उजेड, शिरा काही दिसत नाहीत. गर्भ धरलाय की अंडं पोकळ (गर्भच न धरलेलं), कसं ओळखायचं सांगा की. फोटोही ठेवायचेत.

निपाणी: बदामी कवचाला 7 वा दिवस उजाडू द्या. त्या रंगात निळा-हिरवा उजेड अडतो, तांबडा तेवढा पार होतो. पण टॉर्चचा खरा घोळ म्हणजे बाजूने सांडणारा उजेड. 3 वॅटच्या एलईडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती बसवा, मधे 25 मिलिमीटर भोक. त्यावर अंड्याचं बोथट टोक घट्ट टेकवा, खोलीत मिट्ट काळोख करा आणि अंडं हळू फिरवा. जिवंत असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मधे काळा ठिपका, तो डोळा. शिरा नाहीत, नुसतं लाल कडं दिसतंय, तर गर्भ मेलाय. सगळं स्वच्छ पिवळं दिसलं तर अंडं पोकळ. शंका असेल ते अंडं फेकू नका, पेन्सिलीने खूण करून 10 व्या दिवशी परत बघा. हॅलोजन नको, कवच तापतं.

चिकोडी: फोटोला मोबाईल स्टँडवर हवाच. शिरांवर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, मग उजेड थोडा उतरवा. ऑटोवर सोडलं की बोथट टोकाकडची हवेची पोकळी पांढरी फक्क पडते, शिरा गायब. फोटोतला नुसता हिरवा चॅनेल (लाल-हिरवा-निळा यांतला हिरव्या रंगाचा भाग) एडिटिंग अॅपमध्ये काढून बघा, रक्त हिरवा उजेड शोषतं म्हणून शिरा गडद उठतात. गडद कवचात मात्र त्या चॅनेलमध्ये फोटोचे दाणेच (बारीक ठिपके) जास्त येतात.

खानापूर: आणि आत झोके घेतल्यासारखं हलतं, ते काळीज का हो?

निपाणी: नाही. गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी आकसते, तिचे ते झोके. काळजाचे ठोके मिनिटाला 200 च्या वर, नुसत्या डोळ्यांना मोजता यायचे नाहीत.

चिकोडी: पावसाळ्यात तुमच्याकडे हवा आधीच ओली, तेव्हा पोकळीची कड 7, 14 आणि 18 व्या दिवशी पेन्सिलीने आखत जा. आतलं पाणी उडून पोकळी वाढते; 50 ग्रॅमचं अंडं 18 व्या दिवसापर्यंत साधारण 6 ग्रॅम उतरलं पाहिजे. पोकळी वाढत नसेल तर पाण्याचा ट्रे काढा, नाहीतर पिल्लू आत पाण्यातच गुदमरतं. 18 व्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, ओलावा वाढवायचा आणि झाकण उघडायचं नाही.