बानाबाच्या बाई शनिवारी बोलणार आहेत, त्याआधी मला काय कळायला हवं?

वाइकाटोचा_गोठा:
न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ डेअरी फार्मवर दूध काढायच्या पाळीला असतो. पाळीला सोबत एक बाई आहेत, फिजीच्या राम्बी बेटावरच्या, पण मूळच्या बानाबाच्या, म्हणजे प्रशांत महासागरातल्या एका छोट्या बेटावरच्या. परवा कुरणावर खताचा ट्रक फिरला. त्या फाटकापाशी वाकल्या, बुटाला चिकटलेली भुकटी बोटावर घेतली आणि म्हणाल्या, "आमची जमीन अशीच इथं आणून पसरली."

१९०० ते १९७९ बानाबावरून खताचं फॉस्फेट खणून इथल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या कुरणांवर टाकलं. २०२३मध्ये एका ऑस्ट्रेलियन कंपनीने तिथे पुन्हा फॉस्फेट शोधायचा घाट घातला, तेव्हापासून त्या सुट्टीच्या दिवशी चर्चमध्ये, हॉलमध्ये जाऊन बोलतात. शनिवारी मलाही नेणार आहेत. लंडनच्या कोर्टात म्हणे खटला चालला होता. हे लोक जिंकले की हरले? त्यांनाच विचारायला जीभ रेटत नाही.

वकिली_सुरू:
कायद्याने हरले, दादा. टिटो विरुद्ध वॉडेल, निकाल १९७६च्या अखेरीस. न्यायमूर्ती मेगॅरी स्वतः बेट बघून आले होते. बानाबन लोकांचं म्हणणं, ब्रिटिश सरकार आमचं विश्वस्त होतं आणि आमचं फॉस्फेट मातीमोल भावाने दिलं. कोर्टाने ठरवलं, कोर्टातून बजावता येईल असं विश्वस्तपद इथे नाही. खणलेल्या जागी झाडं परत लावायची हमी मोडल्याचं मात्र मान्य झालं. पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनी १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले, पण कायदेशीर जबाबदारी न मानता.

मला जास्त लागतो तो फॉस्फेट खणायच्या हक्काचा १९००चा करार: वर्षाला ५० पौंड, मुदत ९९९ वर्षं!

सुवाहून_ताई:
निकालापाशी थांबू नका. टेबुके रोटान हे पाद्री याच लढ्यासाठी लंडनला जाऊन राहिले, वडील रोटान टिटो यांचा दावा पुढे नेला. परक्या मुलखात जाऊन आपलं बेट लोकांना समजावणं हे तुमच्या बाईंच्या लोकांत नवं नाही.

युद्धात जपान्यांनी बानाबन लोकांना घरांतून हलवून दुसऱ्या बेटांवर पांगवलं. युद्ध संपल्यावर त्यांना बानाबाला परत नेलंच नाही. १५ डिसेंबर १९४५ला राम्बीवर उतरवलं, तंबूंत, ऐन वादळांच्या दिवसांत. ते बेट घेतलं होतं त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशांतून. पण त्यांनी तिथल्या गावांना बानाबाचीच नावं दिली: उमा, ताबिआंग, ताब्वेवा, बुआकोनिकाई. आमचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, पुनर्वसनात मिळालेल्या माळावर आजोबांनी पाटी जुन्याच नावाची लावली. म्हणून हे वाचताना माझा हात थांबतो.

एक सांगते. बानाबावर नदी नाही, पावसाचा भरवसा नाही. पूर्वी पाणी मिळायचं ते जमिनीखालच्या गुहांमध्ये, त्यांना 'बांगाबांगा' म्हणतात. तिथे उतरायचा मान फक्त बायकांचा असायचा. त्यांना कोर्टाचं विचारू नका, पाण्याचं विचारा.

वाइकाटोचा_गोठा:
ताई, विचारलं. पहाटेच्या पाळीला, कप धुताना. नळ बंद करून त्या बराच वेळ बोलल्या. त्यांची आजी अंधारात सरपटत उतरायची, करवंट्यांत पाणी भरून वर आणायची. त्यातली एक करवंटी आजीने राम्बीला आणली, ती आता इथे त्यांच्या खोलीत आहे. कडेला चीर गेली आहे, पाणी राहत नाही.

शनिवारी ती टेबलावर ठेवणार आहेत. फॉस्फेटचं नंतर बोलू, म्हणाल्या.