दत्तक बाळाला घ्यायला परदेशातून कधी यावं: आदेशाआधी की पासपोर्टनंतर?

तापीकाठ

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचं मूल परदेशी दत्तक जायचं ठरलं की तिकडून पहिला प्रश्न तिकिटाचा येतो. माझं मत: जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, नवीन जन्मदाखला आणि पासपोर्ट हे तिन्ही तयार झाल्याशिवाय विमानात बसू नये. एकच फेरी, दोन ते तीन आठवड्यांची.

आधी क्रम बघा. कारा म्हणजे दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडून मुलाची माहिती येते, ९६ तासांत मूल राखून ठेवायचं, मग ३० दिवसांत बालअभ्यास अहवाल (मुलाची सामाजिक माहिती) आणि वैद्यकीय अहवालावर सही करायची, म्हणजे मूल स्वीकारायचं. त्यानंतर पालकांच्या देशाचं संमतिपत्र आणि त्यावर काराची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र. एनओसी आली की मूल सांभाळणारी दत्तक संस्था जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्ट नव्हे, जिल्हाधिकारी देतात. कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे, पण त्याच टेबलावर निवडणूक, अतिवृष्टीचे पंचनामे आणि टंचाईच्या बैठकाही असतात. मध्येच साहेबांची बदली झाली तर नवीन साहेब फाईल पहिल्या पानापासून वाचणार. आदेशानंतर जन्मदाखल्याला नियमाने पाच कामाचे दिवस, पासपोर्टला दहा, शिवाय दत्तक आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे झालं असं सांगणारं काराचं अनुरूपता प्रमाणपत्र आणि शेवटी तिकडच्या देशाचा व्हिसा.

पालक गावात लॉजवर येऊन बसले म्हणून यातली एकही पायरी लवकर होत नाही. नियमही तेच सांगतो: आदेशाच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत येऊन मूल घेऊन जा. दोन महिने पुरेसे आहेत.

सातपुड्याची सून

दादा, तुम्ही फाईलचा हिशेब बरोबर मांडला, मुलाचा मांडलाच नाही. एनओसी मिळाल्यावर, आदेश व्हायचा असतानाच, संस्थेला हमीपत्र लिहून देऊन मूल भारतातल्या भारतात सांभाळायला घेता येतं. दत्तकपूर्व संगोपन म्हणतात त्याला. नियमात ही सोय उगाच ठेवलेली नाही.

सहा महिन्यांचं बाळ आठवड्याभरात कुशीत रुळतं. साडेतीन वर्षांच्या मुलाचं तसं नाही. त्याला अहिराणी किंवा पावरी येते, थोडी मराठी येते. समोरचे इटालियन किंवा इंग्रजी बोलणार. त्याने आयुष्यात संस्थेच्या आयाबाई सोडून कोणाच्या हातचा घास खाल्लेला नाही. त्याला बारा दिवसांत उचलून बारा-पंधरा तासांच्या विमानात बसवायचं, आणि उतरल्यावर मूल जेवत नाही, रात्री किंचाळून उठतं, वडिलांना जवळ येऊ देत नाही अशी तक्रार करायची.

रुळवायचं कसं तेही लिहिते. पहिले तीन-चार दिवस मूल संस्थेतून बाहेर काढायचंच नाही. रोज दोन तास, त्याची आया समोर बसलेली, पालक खाली सतरंजीवर. मग एक जेवण पालकांच्या हातून, नेहमीच्याच ताटलीत. खायला तेच द्यायचं जे संस्थेत मिळतं, मुगाची खिचडी, वरण-भात, केळं. पहिल्या आठवड्यात चीज आणि दुधाचे नवे प्रकार दिले की पोट बिघडतं आणि सगळे आजाराच्या मागे लागतात. अंथरुणातलं जुनं पांघरूण मागून घ्यायचं आणि न धुता सोबत न्यायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारची झोप पालकांकडे, रात्र त्यानंतर. एवढं नीट करायला तीन ते चार आठवडे हवेत.

तापीकाठ

ताई, पद्धत मान्य. पण संगोपनाला घेतलेलं मूल आदेशाआधी देशाबाहेर नेता येत नाही, आणि आदेशाची तारीख कोणाच्या हातात नाही. कक्षाने एखादी त्रुटी काढली, सुनावणी पंधरा दिवस पुढे गेली, तोवर पालकांची रजा संपली. मग काय? मूल परत संस्थेत. एकदा आई-बाबा म्हणायला शिकलेलं मूल पुन्हा त्याच दारात सोडायचं, यापेक्षा उशिरा भेटलेलं बरं. ओळख व्हिडिओ कॉलवर करून देता येते. फोटोंचं पुस्तक पाठवा, आईच्या आवाजातलं रेकॉर्डिंग पाठवा.

सातपुड्याची सून

व्हिडिओवरची बाई आणि खाऊ भरवणारी बाई एकच आहे हे तीन वर्षांच्या मुलाला लगेच कळत नाही. दोघांपैकी एकाने रजा वाढवून राहायचं, दुसऱ्याने परत जायचं. ज्यांना तेवढीही रजा मिळत नाही त्यांनी मोठं मूल मागताना विचार करावा. कडू लागेल, पण खरं आहे.

धुळ्याचा वकील

दोघेही भावनेच्या आणि रजेच्या गणितात अडकलात. घोळ बहुतेक वेळा कागदाच्या क्रमात होतो, आणि तो झाला की एक फेरी काय, चार फेऱ्यांनीही सुटत नाही.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तो देश १ एप्रिल २००८ पासून हेग दत्तक कराराने, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाच्या आंतरराष्ट्रीय कराराने, बांधलेला आहे, भारत २००३ पासून. तिथल्या पालकांनी आधी स्वतःच्या पात्रतेचा आय-८००ए हा अर्ज मंजूर करून घ्यायचा, मूल ठरल्यावर त्या मुलासाठीच्या आय-८०० अर्जाची तात्पुरती मंजुरी, मग वकिलातीकडून हेग कराराच्या कलम ५ चं पत्र, म्हणजे त्या देशाची संमती. ते पत्र आल्यावर एनओसी आणि आदेश. कोणी उत्साहाच्या भरात आदेश आधी मिळवला तर इथे मूल कायद्याने त्यांचं, पण व्हिसाचं दार बंद. तो आदेश रद्द करून घेऊन पुन्हा सुरुवात करण्याची पाळी येऊ शकते. क्रम बरोबर असेल तर इथेच पूर्ण झालेल्या दत्तकाला आयएच-३ व्हिसा मिळतो, आणि मूल आईवडिलांकडे राहायला तिकडे उतरताच नागरिक होतं.

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडे मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव अशी सवय. कारकून आदेशात तसंच टाइप करतो. परदेशी पालकाच्या पासपोर्टवर मधलं नाव वेगळंच असतं, किंवा आईचं आडनाव निराळं. आदेशात एक, जन्मदाखल्यावर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं झालं की दुरुस्तीचा आदेश घ्या, दाखला बदला, पासपोर्ट नव्याने काढा. म्हणून आदेशाचा मसुदा सहीला जाण्याआधी पालकांनी स्वतःच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघावा. हे काम घरबसल्या ईमेलवर होतं, त्यासाठी यायची गरज नाही. त्यामुळे माझं मत तापीकाठ यांच्या बाजूने, कारण मात्र वेगळं.

अमळनेर-एडिसन

तुम्ही सगळे संस्थेतल्या मुलांचं बोलताय. खान्देशात विचारलं जातं ते भावाच्या मुलाबद्दल. धाकट्याला तीन, थोरल्याला अमेरिकेत एकही नाही. दिवाळीला यायचं, सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवायचं आणि मूल घेऊन जायचं, असं गावात सर्रास सांगितलं जातं. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे, नोंदणीकृत दत्तकपत्र खरं धरायचं असं त्याचं कलम १६ सांगतं. मग त्यात काराचं काय काम?

धुळ्याचा वकील

हाच सल्ला पोरांचं वाटोळं करतो, भो. दत्तकपत्राने वारसाहक्क मिळेल, सातबाऱ्यावर नाव लागेल, पण विमान मिळणार नाही. नातलगांमधल्या आंतरदेशीय दत्तकासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ६० आहे. नातलग म्हणजे कोण तेही कायद्याने ठरवलंय: काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलत भावाचं मूल यात येत नाही.

थोरल्याने तिकडच्या अधिकृत संस्थेकडून गृहअभ्यास अहवाल, म्हणजे घरच्या परिस्थितीची तपासणी, करून घ्यायचा, काराच्या पोर्टलवर नोंदणी करायची. इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष धाकट्याच्या घरी येऊन कौटुंबिक पार्श्वभूमी अहवाल करतो. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती घेतात. तो अहवाल कारा तिकडच्या देशाला पाठवते, त्यांचं उत्तर आल्यावर पूर्वमंजुरी, आणि मगच जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज.

आता अमेरिकेची खरी मेख. दोन्ही जन्मदाते हयात असतील तर ते मुलाचा नीट सांभाळ करायला असमर्थ आहेत असं तिथल्या कायद्याला दाखवावं लागतं. धाकट्याचं दहा एकर केळीचं शेत, घरी ट्रॅक्टर, मुलं इंग्रजी शाळेत. असमर्थ कसा दाखवणार? खोटं लिहाल तर वकिलात तपास करते. शिवाय आय-८०० फक्त अमेरिकन नागरिकाला भरता येतो, तोही मूल सोळा वर्षांचं व्हायच्या आत. ग्रीन कार्डवाल्याला नाही, एच-१बीवाल्याला नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट म्हणजे सोळाच्या आत दत्तक आणि दोन वर्षं कायदेशीर ताबा व प्रत्यक्ष सोबत राहणं. म्हणजे कोणीतरी दोन वर्षं भारतात राहणार.

अमळनेर-एडिसन

पण सप्टेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कायद्याखालच्या दत्तकालाही काराची एनओसी मिळण्याची सोय झाली ना? जिल्हाधिकाऱ्यांच्या पडताळणीवर?

धुळ्याचा वकील

झाली. ती भारताची बाजू. भारताने सोडलं म्हणून तिकडच्यांनी घेतलंच पाहिजे असं नाही. आणि हिंदू कायद्याचा मार्ग धरलात तर प्रवासाचा मुद्दा उलटा फिरतो: त्या कायद्यात मूल प्रत्यक्ष देणं-घेणं व्हावं लागतं. आधी एकदा तरी यावंच लागेल, मुखत्यारपत्रावर केलेलं दत्तक पुढे कोणीही आव्हान देऊ शकतं.

शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडच्यांसाठी आणखी एक. भिल्ल, पावरा ही अनुसूचित जमातीची कुटुंबं या हिंदू कायद्यात येतच नाहीत, कलम २ (२) मध्ये तसं स्पष्ट आहे. त्यांच्यासाठी नोंदवलेलं दत्तकपत्र हा सरळ चुकीचा रस्ता. बाल न्याय कायदा मात्र जातधर्म बघत नाही.

भुसावळचे बालरोगतज्ज्ञ

एक फेरी बरोबर की दोन, यात मी सातपुड्याच्या ताईंकडे झुकतो, पण पहिली फेरी संगोपनासाठी नको. ती सही करण्याच्या त्या ३० दिवसांत हवी. नियमाने तेव्हा मूल प्रत्यक्ष बघायला परवानगी मिळते आणि आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून वैद्यकीय अहवालही तपासून घेता येतो.

आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पहिल्यांदा बघावा. अहवालात नुसतं 'सिकल पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं. एएस म्हणजे वाहक, त्याला बहुधा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे आजार, तो जन्मभराचा. विद्राव्यता ही साधी प्राथमिक चाचणी हा फरक सांगत नाही, आणि सहा महिन्यांखालच्या बाळात तर ती विश्वासाचीच नाही, कारण रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं. हिमोग्लोबिनचा प्रकार वेगळा दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी मागा. या एका शब्दामुळे निरोगी वाहक मुलं नाकारली जाऊ शकतात.

क्षयाची तपासणी वेळ खाते. अमेरिकेच्या व्हिसासाठी दोन ते चौदा वर्षांच्या मुलांना आयग्रा ही रक्तचाचणी लागते. बीसीजी या क्षयाच्या लसीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही, त्यामुळे 'लस घेतलीय म्हणून आली' हे चालत नाही. पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे. त्यात डाग दिसला तर थुंकीची तपासणी आणि कल्चर, ज्याला आठ आठवडे लागू शकतात. तापीकाठ यांचे तीन आठवडे तिथेच संपले. लसींचं मात्र टेन्शन नको. दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांना हमीपत्रावर सूट आहे, तिकडे पोचल्यावर ३० दिवसांत देता येतात.

चाळीसगाव जंक्शन

तुम्हनं सगळासनं म्हननं पटस, पन प्रवासाचं कोणीच बोललं नाही. एप्रिल-मेमध्ये येऊ नका. जळगाव ४५ अंशांवर जातं आणि परदेशी माणूस तिसऱ्या दिवशी सलाईनवर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण जिल्हाधिकारी ऋतू बघून आदेश देत नाहीत हेही खरं.

व्हिसासाठी दिल्लीला जायचं तर मुंबईत विमान बदलण्यापेक्षा जळगावहून निजामुद्दीनला राजधानी घ्या. मुलाला रात्रभर पसरून झोपायला मिळतं. परतीच्या तिकिटात मात्र एक गोष्ट बघाच: मूल भारतीय पासपोर्टवर निघतं. आईबापांना वाटेतल्या विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागत नाही म्हणून मुलालाही लागत नाही असं समजू नका. थेट विमान महाग पडतं, पण बोर्डिंगला अडवून ठेवण्यापेक्षा स्वस्तच. आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा, नॉन-रिफंडेबल नको.

तापीकाठ

डॉक्टरांचा मुद्दा घेतो. सही करण्याआधी आठवडाभराची एक भेट, परवडत असेल तर हरकत नाही. क्षयाची चाचणी आदेश झाल्याझाल्या करून घेता आली तर निकाल पालक निघण्याआधी कळेल. फक्त ती दूतावासाने ठरवलेल्या डॉक्टरांकडेच चालते, म्हणून मुलाला कोण नेणार हे संस्थेशी आधी बोलून घ्या. आदेशाआधी ताबा घेऊन इथे बसून राहण्याला माझा विरोध कायम आहे.

सातपुड्याची सून

दादा, मग त्या तपासणीला मूल नेणार कोण? संस्थेची आया आणि एक अनोळखी कर्मचारी. रात्रभराची गाडी, सुई, परत रात्रभराची गाडी, आणि आठ दिवसांनी नवे आईबाप. ही फेरी तरी आईने सोबत करावी. पासपोर्ट हातात यायच्या आठवडाभर आधी तिने यावं, बापाने नंतर यावं. एवढ्यावर तुम्ही तयार असाल तर सांगा, नाहीतर माझंही मत आहे तिथेच आहे.