कलाकेंद्रात पैसा कोण काढणार, हे आधी कळतं का?

पेटीमास्तर, धाराशिव: संगीत बारीत पेटी वाजवण्यात उमर गेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तिकीट काढून बसलेल्यांपुढं एकेक पार्टी, म्हणजे नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा संच, आपली लावणीची बारी करते. ज्याला जी आवडली ती तो आतल्या खोलीत बैठकीला घेतो. तासाचा दर ठरलेला. त्यात केंद्रमालकाचा वाटा, मालकिणीचा, नाचणाऱ्यांचा, ढोलकी-पेटीचा. आमचं भागतं ते वरच्या दौलतजादावर, म्हणजे गाण्यावर खूश होऊन दिलेल्या पैशावर. म्हणून माणूस जोखावाच लागतो.

माझं मत, गाडी, चैन, कडक पांढरे कपडे बघून काही कळत नाही. हात बघा. बसायच्या आधी पाचशेच्या नोटा मोडून दहा-वीसचं बंडल मागणारा खर्च करणारच. गाणं रंगात आल्यावर "सुट्टे नाहीत हो" म्हणणारा उठेपर्यंत सुट्टेच शोधतो. टोळकं आलं तर लोडाला टेकलेल्या साहेबाच्या नादी लागू नका. दाराजवळ चपलांपाशी अर्धवट टेकलेला गुत्तेदार बघा, पाकीट त्याच्याकडं. साहेबाच्या सहीला बिल अडकलेलं असलं तर तो मोजत पण नाही.

रेणापूरकर: मास्तर, नोटा आता कोण मोडतंय? पोरं फोन पुढं करून स्कॅनर विचारायलीत. मी म्हणतो फर्माईश बघा. बालेघाटी म्हणा, छक्कड म्हणा, असे लावणीचे जुने प्रकार सांगणारा खरा दर्दी. पैसा तोच काढणार.

पेटीमास्तर, धाराशिव: दर्दी डोळे मिटून मान हलवतो, "वाहवा" म्हणतो आणि वीसची नोट ठेवतो. सिनेमाच्या गाण्यावर उठून नाचणारं पोरगं त्याच्या कितीतरी पट देऊन जातं. मला ते गाणं वाजवायला आवडतं असं नाही.

बारीवाली, आष्टी: तुम्ही दोघं वाजवणारे आणि ऐकणारे. मी नाचते, बसून अदा करते. कोण किती देणार हे घरून ठरवून येत नाही, ते गाण्यात ठरतं. पहिल्या कडव्याला मी सगळ्यांकडं बघते, दुसऱ्याला एकाकडंच. दोस्त ज्याच्या मांडीवर थाप मारून "तुझ्याकडं बघायली रे" म्हणतात, त्याच्याकडं. चारचौघांत त्याला द्यावंच लागतं.

एकटा येणारा मात्र नको. पहिल्या रात्री हात सैल सोडतो, मग सारखा येतो, मग नंबर मागतो, आणि शेवटी "तुझ्यावर एवढे घातले" म्हणून हिशेब काढतो. मास्तरांच्या लेखी तो चांगलं गिऱ्हाईक. मी मालकिणीला सांगून त्याची बैठक टाळते.

गंगाखेडकर: काय लाज आहे का नाही? 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, आणि आमच्या अडतीवर किती खाली गेलं ते मला विचारा. ज्याचा खिसा तुम्ही जोखायलाव, त्याच्या घरी खताची उधारी आहे. डान्सबार बंद केले तसं हेही बंद करा.

लातूरचा वकील: डान्सबार बंद राहिले कुठं? 2005 ची बंदी उच्च न्यायालयानं 2006 ला रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं 2013 ला तेच कायम ठेवलं. 2016 च्या नव्या कायद्यातल्या बऱ्याच अटीही 2019 ला उडाल्या. नोटा उधळायला मनाई राहिली, टीप द्यायला मुभा. तो कायदा हॉटेल आणि बारचा आहे, संगीत बारीचा नाही. लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांना 2012 ला पद्मश्री मिळाली ती याच बैठकीच्या गाण्यासाठी.

गंगाखेडकर: गाण्यासाठी मिळाली वकीलसाहेब. चपलांपाशी बसलेला गुत्तेदार हेरण्यासाठी नाही.

धोतरवाला: मास्तर म्हणतात कपड्यावर जाऊ नका. मग मला दारातच "बाबा, तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा" का सांगतात? हरभऱ्याची पट्टी कोपरीच्या खिशात होती. बैठकीचा दर विचारला तर पोरगं हसलं. माझ्या मागून आलेल्या जीन्सवाल्यांना मात्र पाणी, पान, सगळं. ते तिकिटाचा खेळ बघून निघून गेले.

रेणापूरकर: बाबा, हे मात्र खरं बोललात. दारातल्या पोराला पेटीही कळत नाही अन् माणूसही.

बारीवाली, आष्टी: गंगाखेडचे दादा, घरची उधारी मला खोलीत बसून दिसत नाही. पण दर नोटेला आधी खिशातल्या खिशात चाचपणारा, मोजून काढणारा माणूस कळतो. असला दिसला की मी ढोलकीवाल्याला डोळ्यानं खुणावते, तो गाणं आवरतं घेतो. मग पेटीवाल्याचं तोंड वाकडं.

पेटीमास्तर, धाराशिव: होणारच. आवरत्या घेतलेल्या गाण्यात आमचाही वाटा असतो, बाई.